किल्ली न घेतलेले शनिवार

गारखेड्यातल्या एका ऑफिसच्या लोखंडी कपाटात माझ्या अक्षरातलं एक रजिस्टर अजून असेल. निळ्या पुठ्ठ्याचं, लांबट. त्यात एकाखाली एक बावीस शनिवार लिहिलेले आहेत. प्रत्येक शनिवारापुढे ‘रोल घेतले, सर्टिफिकेटं घेतली, दोन डिस्कवर उतरवलं’ अशी एकच ओळ, तिच्यापुढे माझी सही आणि माझ्या सहीपुढे मॅडमची. त्या ओळींमध्ये खोटं काही नाही. तरीही ते बावीसच्या बावीस शनिवार वाया गेले होते, आणि ते माझ्यामुळे गेले. हे मी तेव्हा बोलले, पण उशिरा बोलले. आता लिहून बघते.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. गाव लासूर स्टेशनपासून आत, आणि मी शिकायला मुकुंदवाडीला मावशीकडे राहत होते. शेवटच्या सहा महिन्यांत एखाद्या कंपनीत प्रोजेक्ट करावा लागायचा आणि शेवटी कंपनीचं पत्र कॉलेजात द्यावं लागायचं. वर्गातल्या बाकीच्यांना काका-मामांच्या ओळखीनं चांगल्या जागा मिळाल्या. मला मिळालं ते औषधाच्या दुकानावरचं दोन खोल्यांचं ऑफिस. पहिल्या दिवशी जिना चढताना मी चपला हातात घेतल्या होत्या. वर पोचल्यावर बघितलं, सगळे चपला घालूनच बसले होते. मग त्या परत पायात घालायचीही लाज वाटली.

ऑफिसचं काम पाण्याच्या टँकरचं होतं. आमचे साहेब टँकरचे ठेकेदार. पाऊस नीट न पडल्याचं ते तिसरं वर्ष होतं. खेड्यांना टँकर लागत होते, आणि शहराच्या चारी बाजूंना ज्या नव्या कॉलन्या उठत होत्या त्यांनाही, कारण तिथं घरं आधी पोचली होती आणि नळ पोचायचे होते. टँकर भरायच्या चार जागा होत्या, त्यांना सगळे पॉइंट म्हणायचे. प्रत्येक पॉइंटवर पत्र्याच्या खोलीत एक छोटा संगणक आणि चिठ्ठी छापायचं यंत्र. टँकर आला की तिथला माणूस गाडीचा नंबर टाकायचा. तो संगणक गारखेड्यातल्या आमच्या सर्व्हरला विचारायचा की या गाडीला आज कुठली खेप आहे. सर्व्हर ‘व्हय’ म्हणाला की चिठ्ठी निघायची, आणि चिठ्ठी हातात आल्यावरच वाल्व उघडायचा. हे इतकं कडक केलं होतं ते आधीच्या वर्षी खेपा मधेच दुसरीकडे वळल्याचे आरोप झाले म्हणून. तेव्हापासून पॉइंटवरची माणसं चिठ्ठीशिवाय बादलीभर पाणीही सोडत नसत.

हा सर्व्हर सांभाळायच्या त्या मॅडम. पंचेचाळीसच्या आसपास, बारीक, बोलताना चष्मा पदरानं पुसायची सवय. त्यांच्या सासरी पणजोबांपासून सगळे कचेरीत कारकून. त्या हसून म्हणायच्या, आमच्या घराण्यानं दप्तरं सांभाळण्यापलीकडे काही केलं नाही, मीही तेच करते. घर ऑफिसच्या मागच्याच गल्लीत होतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना दुपारी एक वाजता भरवायला मॅडमना जावं लागायचं. शहरात दुसरीकडे जास्त चांगलं काम मिळालं असतं, पण दुपारी अर्धा तास घरी जाऊन येता येईल असं काम हेच होतं. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तक्रार म्हणून नाही, दुपारी एकटी असताना मी घाबरू नये म्हणून.

माझ्याकडे काम आलं ते शनिवारच्या बॅकअपचं. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. एक म्हणजे रोल, कुणाला काय करायची परवानगी आहे त्याची यादी. पॉइंटवरचा माणूस चिठ्ठी काढू शकतो पण रद्द करू शकत नाही. सुपरवायझर रद्द करू शकतो. आणि कुणाला कुठला रोल द्यायचा, कुणाचा काढायचा, हे फक्त मॅडम करू शकतात. यादीत सगळ्यात वर त्यांचं नाव होतं आणि सगळ्यात खाली माझं. मला फक्त बॅकअप घेता येत होता, बाकी कशालाही हात लावता येत नव्हता. तरी त्या दिवशी मी माझं नाव पडद्यावर बराच वेळ बघत बसले होते.

दुसरी गोष्ट सर्टिफिकेटं. पॉइंटवरच्या संगणकाला कसं कळणार की उत्तर देणारा आपलाच सर्व्हर आहे, कुणी तोतया नाही? त्यासाठी सर्व्हरकडे एक सर्टिफिकेट असतं आणि त्याच्या जोडीला एक गुप्त किल्ली. मॅडमनी मला कॉलेजचं ओळखपत्र बाहेर काढायला लावलं होतं. म्हणाल्या, “यावरचा फोटो म्हणजे सर्टिफिकेट. तो कुणीही बघावा. पण समोर उभं राहून तो फोटो तुझाच आहे हे पटवायला चेहरा लागतो. तो चेहरा म्हणजे किल्ली.” मी हे वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं म्हणजे समजलं, असं मला तेव्हा वाटायचं.

काम कसं करायचं याचा एक कागद मॅडमनी हातानं लिहून भिंतीला चिकटवला होता. अकरा पायऱ्या होत्या. सातवी पायरी एवढीच होती: सर्टिफिकेट एक्सपोर्ट करणे. त्यांच्यासाठी ते पुरेसं होतं.

पहिल्या शनिवारी मी सातव्या पायरीवर आले तेव्हा एक वाजून गेला होता आणि मॅडम सासूबाईंना भरवायला गेल्या होत्या. पडद्यावर प्रश्न आला. सर्टिफिकेटबरोबर गुप्त किल्लीही बाहेर काढायची आहे का? खाली दोन पर्याय होते, आणि ‘नाही’ हा आधीच निवडलेला होता.

मी थांबले. विचारायला कुणी नव्हतं असं नाही, मॅडम अर्ध्या तासात येणारच होत्या. पण त्या सकाळी मी त्यांना आधीच पाच-सहा गोष्टी विचारल्या होत्या, आणि बाहेरच्या खोलीत टँकरच्या वेळा लावणारा एकजण म्हणाला होता, “कॉलेजात काय शिकवत्यात गं तुम्हाला, मॅडमचं डोकं खायला?” तो गमतीनंच म्हणाला होता. मी हसलेही होते. पण त्यानंतर मी ठरवलं की आज आणखी काही विचारायचं नाही.

मग मी माझ्या अकलेनं विचार केला, आणि माझी अक्कल आमच्या घरामागच्या टिपाडांपाशी गेली.

आमच्याकडे दोन निळी टिपाडं होती. टँकर आला की ती भरायची आणि आठवडा काढायचा. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी गावात पाण्याच्या चोऱ्या व्हायला लागल्या, तेव्हा आईनं दोन्ही झाकणांना कडी बसवून घेतली आणि कुलपं लावली. दोन्ही कुलपांना एकच किल्ली लागायची. ती आईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असायची, अंघोळीलाही उतरायची नाही. मागच्या आळीत एका घरानं दुसरी किल्ली करून घेतली होती. ती या हातातून त्या हातात गेली, आणि एका दुपारी टिपाड रिकामं निघालं. त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं. आई तेव्हापासून आम्हा भावंडांना बजावायची, “किल्लीला जोड करायची नाय. जोड केली की पाणी गेलं समजा.” आम्ही त्या किल्लीला कधी बोटही लावलं नाही.

बॅकअपची एक डिस्क ऑफिसच्या कपाटात राहायची आणि दुसरी मॅडम कापडी पिशवीत घालून घरी न्यायच्या. पिशवीत भाजीही असायची. मला वाटलं, सर्व्हरची गुप्त किल्ली अशी पिशवीतून रस्त्यानं फिरवायची? ती आहे तिथंच, यंत्राच्या पोटात राहिलेली बरी. पडद्यावरही ‘नाही’च निवडलेलं आहे, म्हणजे बरोबर तेच असणार. मी ‘नाही’ ठेवलं आणि पुढे गेले. खरं सांगायचं तर मला थोडा अभिमान वाटला. कागदावर न लिहिलेली एक काळजी मी स्वतःहून घेतली होती.

मॅडम आल्यावर त्यांनी डिस्क उघडून बघितली. फायली होत्या, तारखा बरोबर होत्या. त्यांनी सही केली. पुढच्या शनिवारी तो प्रश्न आला तेव्हा मी थांबलेही नाही. त्यानंतर हात आपोआप जात राहिला. एकदा मॅडम साहेबांना माझ्यासमोर म्हणाल्या, ही मुलगी आहे म्हणून शनिवारी मी जरा निवांत असते. त्या दिवशी मी मुकुंदवाडीपर्यंत रिक्षा न करता चालत गेले. घरी जायची घाई वाटत नव्हती.

एप्रिलमधल्या एका सोमवारी सकाळी ऑफिसचं दार उघडलं तर आत जळकट वास येत होता. रविवारी वीज जात-येत राहिली होती, एसी बंद पडला होता, आणि आतल्या खोलीत भट्टी झाली होती. सर्व्हर सुरू होईना. मॅडमनी दोन-तीनदा बघितलं, मग शांतपणे साहेबांना फोन केला की नवीन मशीन लागेल. चारही पॉइंटवरून फोन यायला लागले होते. मॅडम प्रत्येकाला सांगत होत्या, दुपारपर्यंत होईल, बॅकअप आहे आपल्याकडे. ‘आपल्याकडे’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली.

दुपारी नवीन मशीन आलं. मॅडम घरून डिस्क घेऊन आल्या. आधी रोल आले. सगळी नावं आपापल्या जागी येऊन बसली, वर मॅडम, खाली मी. मग सर्टिफिकेट. तेही आलं. मॅडम पडद्याजवळ वाकल्या. सर्टिफिकेटच्या चित्राच्या कोपऱ्यात एक बारीकशी किल्ली दिसायला पाहिजे होती. ती नव्हती.

“किल्ली कुठंय?” त्या म्हणाल्या.

“कोणती?” मी विचारलं. कोणती ते मला माहीत होतं. फोटो होता, चेहरा नव्हता. नवीन सर्व्हर पॉइंटना ओरडून सांगत होता की मी तोच आहे, आणि एकही पॉइंट ऐकत नव्हता.

मॅडमनी जुन्या मशीनची डिस्क काढून एका दुरुस्तीवाल्याकडे पाठवली. तासाभरात त्याचा निरोप आला की यातून काही निघणार नाही. त्यांनी घरची डिस्क बघितली, कपाटातली बघितली, जुने शनिवार एकेक करून उघडले. प्रत्येक उघडताना मी मागे उभी होते. प्रत्येकात काय नसणार हे मला माहीत होतं, तरी मी देवाचं नाव घेत होते.

संध्याकाळी साहेब आले. एरवी साहेब आरडाओरडा करणारे, त्या दिवशी अगदी हळू बोलत होते, आणि त्याचीच भीती वाटत होती. कॉलन्यांमधून लोक त्यांच्या घरापर्यंत आले होते, आणि खेड्यांच्या खेपांबद्दल वरून विचारणा झाली होती. त्यांनी मॅडमना एकच विचारलं.

“बॅकअप होता का नव्हता?”

“होता. अपुरा होता,” मॅडम म्हणाल्या. “तपासायचं काम माझं होतं.”

“पुण्याची एक कंपनी कधीची मागं लागलीय माझ्या,” साहेब म्हणाले. “मी म्हणत होतो, आपल्या मॅडम आहेत.”

रजिस्टर टेबलावर उघडं पडलं होतं. मी भिंतीला टेकून उभी होते, त्या अकरा पायऱ्यांच्या कागदाशेजारी. ‘नाही’ मी निवडलं, मुद्दाम निवडलं, विचार करून निवडलं. एवढी तीन वाक्यं होती. ती मी मनात जुळवत राहिले, आणि जुळेपर्यंत साहेब जिना उतरून गेले होते.

आता एकच मार्ग होता. नवीन सर्टिफिकेट नवीन किल्लीसह तयार करायचं, आणि ते चारही पॉइंटवर जाऊन हातानं बसवायचं. पॉइंट सर्व्हरला ओळखतच नव्हते, त्यामुळे इथून काही पाठवता येत नव्हतं. साहेबांची जीप पॉइंटवरची भांडणं मिटवत फिरत होती. मॅडमनी सासूबाईंना शेजारणीवर सोपवलं, आणि मंगळवारी सकाळी आम्ही त्यांच्या स्कूटरवर निघालो. संगणकाची बॅग माझ्या मांडीवर होती.

शेवटचा पॉइंट लासूरच्या रस्त्यावर होता. तिथं पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले. पंधरा-वीस टँकर रांगेत उभे, ड्रायव्हर गाड्यांखाली सावलीत झोपलेले. आम्ही उतरलो तसा एक म्हातारासा ड्रायव्हर टायरला टेकूनच म्हणाला, “आ गए क्या सर्व्हरवाले? कल सुबू से खडा हूं मॅडम. चाय पी पी के टँकर मेराच भर गया.”

बाकीचे हसले. मॅडमही थोड्या हसल्या. पत्र्याच्या खोलीतला माणूस मात्र हसला नाही. तो सांगायला लागला की काल लोक त्याच्या अंगावर धावून आले, वाल्व उघड म्हणून. “म्या नाय उघडला. उद्या हिशेब माझ्याच नरड्याला लागला असता.”

मॅडम आत संगणकासमोर बसल्या. मी बाहेर पाणी मागायला गेले, तर त्याच ड्रायव्हरनं कॅन पुढे केला आणि विचारलं, कुठली मी. मी गावाचं नाव सांगितलं.

“अगं, मग ही तुमचीच खेप हाय की,” तो मराठीवर आला. “कालची. उभी हाय बघ तशीच.”

मी पाणी न पिताच कॅन परत दिला.

अर्ध्या तासानं यंत्रातून पहिली चिठ्ठी निघाली. मला वाटलं होतं, कुणीतरी टाळ्या वाजवील. पण गाड्यांची इंजिनं एकामागून एक सुरू झाली, आणि धुरळा इतका उडाला की मॅडमनी पदर नाकाला लावला. गर्दी ओसरेपर्यंत आम्ही एका बाभळीखाली थांबलो. तिथं मी त्यांना सांगितलं. आईच्या गळ्यातल्या किल्लीपासून सगळं. सांगताना वाक्यं मागेपुढे झाली, पण सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढला आणि खूप वेळ पुसत राहिल्या.

“मग विचारलं का नाहीस?”

“तुम्ही आजींना भरवायला गेला होतात.”

“मी परत येत होते ना गं रोज.”

मग त्याच म्हणाल्या, मी तरी काय केलं. ते किल्लीचं चित्र आहे का नाही, एवढंच बघायचं होतं. बावीस वेळा नाही बघितलं. त्यांच्या आवाजात राग होता. तो माझ्यावर होता का स्वतःवर, हे मला कळलं नाही. बहुतेक दोघींवर होता. स्कूटर सुरू करताना त्या मागे न बघता म्हणाल्या, “साहेबांना सांगू नकोस. तुझं पत्र अडकेल. माझं व्हायचं ते होणारच आहे.”

मला दोन दिवस झोप लागली नाही असं लिहिणं सोपं आहे, पण मला झोप लागत होती. सकाळी उठल्यावर मात्र पहिली गोष्ट तीच आठवायची. पत्र नाही मिळालं तर वर्ष जाणार होतं, आणि गावाकडे ‘पोरगी शिकली’ म्हणून जे कौतुक चाललं होतं ते थांबणार होतं. दुसरीकडे मॅडमची ती दुपारची अर्ध्या तासाची ये-जा होती, ऑफिसपासून घरापर्यंतची. दोन्ही गोष्टी मी समोरासमोर ठेवून बघत होते, आणि त्या एकमेकींशी मोजता येत नव्हत्या.

गुरुवारी मी रजिस्टर घेऊन साहेबांच्या समोर गेले. म्हटलं, किल्ली घ्यायची का असं मशीननं विचारलं होतं, आणि मी ‘नाही’ म्हटलं. मॅडमनी तसं सांगितलं नव्हतं. ही चूक माझी आहे.

साहेबांनी रजिस्टर फिरवून आपल्याकडे घेतलं. त्यांचं बोट माझ्या सहीवरून पुढे सरकलं आणि मॅडमच्या सहीवर थांबलं.

“शेवटची सही कुणाची आहे?”

“मॅडमची. पण—”

“तू शिकायला आलीस इथं,” ते म्हणाले. रागावून नाही, उलट समजावून. “शिकणाऱ्याची चूक धरत नसतात. तुझं पत्र मी देतो, त्याची काळजी करू नको.”

मी म्हटलं, मी पत्रासाठी नाही आले. ते बहुतेक त्यांना ऐकू गेलं नाही, तोवर त्यांनी फोन कानाला लावला होता. यादीत माझं नाव सगळ्यात खाली होतं, आणि तिथून केलेली चूकही चूक म्हणून मोजायची त्यांची तयारी नव्हती. पुण्याची कंपनी एक तारखेपासून मॅडमच्या जागी येणार, हे मला बाहेरच्या खोलीत कळलं. ज्यानं मला डोकं खाण्यावरून चिडवलं होतं त्यानंच सांगितलं, आणि त्याचाही चेहरा उतरलेला होता.

त्या रविवारी मी पॅसेंजरनं गावी गेले. आई अंगणात भांडी घासत होती, राखेनं, पाणी अगदी शेवटी. मी विचारलं, सोमवारी टँकर आला नाही ना?

“मंगळवारी आला सांजच्याला,” आई म्हणाली. “कायतरी मशीन बिघडलं म्हणं शहरात.”

मी काही सांगायच्या आत शेजारची काकू आली. हातात कळशी होती. तिनं आईला काही विचारलं नाही. सरळ घरामागे गेली, कनवटीची किल्ली काढली, आमच्या टिपाडाचं कुलूप उघडलं, कळशी भरली, कुलूप लावलं आणि जाता जाता मला म्हणाली, “कधी आलीस?”

मी आईकडे बघितलं. काळा दोरा तिच्या गळ्यात होता आणि किल्लीही होती.

“तिच्याकडं कशी किल्ली?”

“असतीच एक तिच्याकडं. पहिल्यापासून.”

“तू तर म्हणायचीस, जोड करायची नाय.”

“तुम्हा पोरांना म्हणायचे.” आई तवा उलटा करून घासायला लागली. “तुम्हाला कळलं असतं तर गावभर झालं असतं. पाण्याला एकच किल्ली ठिऊन भागतं व्हय? मी दवाखान्यात पडले तर तुम्ही काय कुलूप चाटत बसणार होता? एका इश्वासाच्या माणसाकडं ठिवायची आन गप बसायचं.”

मग मी तिला ऑफिसचं सगळं सांगितलं. सर्व्हर, सर्टिफिकेट हे शब्द टाळून, एक मोठं कुलूप होतं असं म्हणून. तिला लगेच कळलं. तिनं मला बोल लावला नाही. हात धुताना, तेही वाटीभर पाण्यात, तिनं फक्त एवढं विचारलं, “मग त्या बाईचं काय झालं?”

मी म्हटलं, अजून कळायचंय. हे खोटं होतं.

मॅडमचा शेवटचा दिवस शनिवारच निघाला. पुण्याची माणसं सोमवारी येणार होती. मॅडमनी मला शेजारी बसवून सांगितलं की त्यांचं नाव यादीतून काढावं लागेल, आणि सगळ्यात वरचा रोल असलेला माणूस स्वतःचं नाव स्वतः काढू शकत नाही, मशीन काढू देत नाही. म्हणून त्यांनी दोन दिवसांपुरता तो रोल मला दिला. यादीत माझं नाव उडी मारून त्यांच्या नावाखाली येऊन बसलं. मला ते बघवेना.

“आता काढू?” मी विचारलं.

“आधी बॅकअप. काहीही बदलायच्या आधी बॅकअप घ्यायचा असतो.”

घड्याळात एक वाजत आला होता. मी एकेक पायरी करत गेले. सातव्या पायरीचा मजकूर मॅडमनी बदलला होता, तिथं आता चार ओळी होत्या. प्रश्न आला तेव्हा मी ‘हो’ निवडलं. मशीननं त्या किल्लीसाठी नवा पासवर्ड मागितला. तो आम्ही दोन कागदांवर लिहिला आणि दोन पाकिटांत बंद केला. एक साहेबांच्या तिजोरीत जायचं होतं. दुसरं कुणाकडे ठेवायचं, असं मॅडमनी मला विचारलं. मला शेजारची काकू आठवली. मी म्हटलं, बाहेरच्या खोलीतल्या त्या दादांकडे. ते बडबडे आहेत, पण वस्तू जपून ठेवतात. मॅडम पहिल्यांदा मनापासून हसल्या. मग त्यांनी तो बॅकअप एका जुन्या मशीनवर उतरवायला लावला, सगळा, पहिल्यापासून. रोल आले. सर्टिफिकेट आलं. कोपऱ्यात बारीकशी किल्ली होती.

मी रजिस्टरमध्ये लिहिलं: रोल घेतले, सर्टिफिकेटं घेतली, किल्ली घेतली, उतरवून बघितली. सही केली. मॅडम सही करायच्या आधी पडद्यासमोर बसल्या आणि एकेक फाईल उघडून बघत राहिल्या. दीड वाजून गेला. मी म्हटलं, आजींचं जेवण. त्या म्हणाल्या, थांबतील आज. शेवटी त्यांनी पेन उचललं आणि सही केली.

त्यानंतर मी त्यांचं नाव काढलं. मशीननं विचारलं, नक्की काढायचं का. मी मॅडमकडे बघितलं. त्या पिशवी भरत होत्या, ज्या पिशवीतून डिस्क घरी जायची त्याच. या वेळी डिस्क त्यांनी टेबलावरच ठेवली होती. मी ‘हो’ दाबलं.

ती डिस्क मी कपाटात ठेवली. पुण्याच्या लोकांनी नंतर सगळं नवीन आणलं, तिचं त्यांना काम पडलं नाही. कुणी फेकली नसेल तर ती तिथंच असेल. तिच्यावरची यादी नाव काढायच्या आधीची आहे. तिच्यात सगळ्यात वर मॅडम आहेत.